ताटीपलीकडे

मे महिन्यात आमच्या नागपुरात
पावसापेक्षा जास्त वाट माझी पाहतात.
गोळीबार चौकापासून जुन्या मंगळवारीपर्यंत
कुणाचा पंप जळालेला, कुणाची मोटर अडलेली,
कुणी ताट्यांतला वाळा तीन वर्षं बदललेला नाही.
त्या दिवशी चौथ्या कूलरवर होतो
तेव्हा साळ्याचा फोन आला:
"भाऊजी, ताईला घेऊन निघालो. या लवकर."
हातातला कंडेन्सर तसाच खिशात टाकला.

रात्री अडीच.
दवाखान्याच्या भिंतीशी आम्ही सहा-सात बाप,
म्हणजे अजून बाप नाही, नुसतेच उभे.
एकाच्या तोंडात खर्रा,
थुंकायला जागा नाही म्हणून गिळत होता बिचारा.
सासूबाई पायरीवर, मांडीत दुपट्यांची पिशवी,
जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन मऊ केलेली.
आत वैजू.
तिचा आवाज मला ओळखता आला नाही.
तीन वर्षं ऐकतोय,
फोनवर, कुकरच्या शिट्टीवरून, माझ्यावर चढलेला.
हा दुसराच होता, कुठून तरी खालून येणारा.

मग कूलर घरघरला.
तो मात्र ओळखला.
बेअरिंग गेलेलं, पंप कोरडा,
आणि आत नुसती झळ फेकणं चालू.
"मॅडम, मी पाहून देतो न जी."
नर्सबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग खिशातल्या टेस्टरकडे.
"आत नाही यायचं. बाहेरून करा काय ते."

तर मी मागच्या बोळीत, लोखंडी स्टँडवर,
साळ्याच्या मोबाईलच्या उजेडात,
टाकीत कोपरापर्यंत हात घालून.
शेवाळ, क्षाराच्या खपल्या, बुडालेलं एक झाकण.
ताटीपलीकडे चार हातांवर माझी बायको.
दिसत काहीच नव्हतं. बरंच झालं.
स्विच बंद करायला सांगितला.
पातं फिरत फिरत थांबलं.

आणि त्या थांबण्यात,
वाळक्या गवतातून गाळून आल्यासारखा
एक आवाज.
मांजराचा म्हणा, गंजल्या बिजागरीचा म्हणा.
हात पाण्यातच राहिले.
रडू येतं, असं दोस्तांनी सांगितलं होतं.
आलं नाही.
एवढंच वाटलं की आता उरकायला पाहिजे,
आत कुणी नवीन आलंय, गरम होत असेल.

पंप बसवला. पाणी ताट्यांवरून उतरलं.
वाळ्याचा वास सुटला.
ओरडलो, "करा चालू!"
आतून नर्स त्याहून मोठ्यानं:
"बंद करा, बंद करा आधी!
पोरीला थंडी वाजते!"

शेहेचाळीस होतं त्या दुपारी.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
पंधरा वर्षं या गावाला वारा पुरवतोय मी
आणि माझ्याच घरचं नवं माणूस
थंडी वाजते म्हणतं.

पोरगी झाली, हे मला असं कळलं.

दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली तेव्हा
सासूबाई म्हणाल्या, "हात धुऊन या न आधी."
धुतले. दोनदा. तरी गारच.
मग काखेत दाबून उभा राहिलो,
पुसातल्या पहाटे शेकोटी न मिळालेल्या
रिक्षावाल्यासारखा,
हात तापायची वाट पाहत.

दोन किलो सहाशे.
मोटर याहून जड असते, ती मी एका हातानं उचलतो.

सकाळी वैजूनं डोळे उघडले.
ओठ फुटलेले, केस कपाळाला चिकटलेले.
पहिलं काय बोलली सांगू?
"कूलर काऊन बंद आहे?"

सांगितलं. हसली, आणि हसताना दुखलं तिला.

मी उठून खिडकीचं एक दार लोटलं,
बोटभर.
एकीला पुरेल आणि दुसरीला बाधणार नाही
असं काही माप असेल तर
ते अजून मला येत नाही.
पुन्हा जरा ओढून घेतलं. पुन्हा लोटलं.
खिशात कंडेन्सर टोचत होता.