ट्युबातले बटाटे

उआनुनीत, कथिलाच्या खाणीखाली,
पत्र्याच्या शेडमध्ये ट्युबा उताणा.
कुणीतरी त्यात बटाटे भरलेत.
एलेउतेरियो ते काढतो एकेक.

मुलगी अकराची. नाव वारा.
तिच्या आयमारात वारा म्हणजे तारा.
ती फुंकते,
नुसती हवा जाते, पीठ चाळल्यासारखी.
भाऊ हसतो. कुत्रा उठून निघून जातो.

"गाल नको फुगवू.
ओठ फुरफुरू देत, घोड्याचे फुरफुरतात तसे.
इथं हवा विरळ आहे पोरी,
पोटातून आण. उसनी चालत नाही."

त्याच्या छातीत सव्वीस वर्षांची खाण.
जिना चढताना तो तीनदा थांबतो.
वाजवून दाखवणं सुटलं कधीच;
तो फक्त तिच्या बोटांवर बोटं ठेवतो
आणि सांगतो, भाजल्यावर घालतात
तशी फुंकर नको.
चूल पेटवतात तशी.

पुन्हा.
अजून एकदा.

आणि पत्रा थरथरला,
खिळ्यांचा डबा बोलू लागला,
भाऊ गप्प.
कुत्रा दारात, कान टवकारून.

"कुठला सूर होता हा?"
"गाढवाचा," म्हातारा म्हणाला, डोळे पुसत.
"उद्या ये. माणसाळवू त्याला."

बटाटे त्या रात्री
बादलीतच राहिले.