नो क्लेम

विमा संपतो एकोणीसला.
अकरा तारखेला सकाळी आकडा आला : आठ हजार नऊशे सत्तर.
गेल्या वर्षी सहा हजार चारशे बारा होता,
पावती फ्रीजवर चुंबकाखाली आहे, दिसतेय मला इथून.
दुपारी पुन्हा पाहिलं : आठ हजार एकशे तीस.
मी ताक पिऊन उठेपर्यंत
कुणाला बरं माझी दया आली?
रात्री बातम्यांनंतर : नऊ हजार दोनशे पाच.

मंडईत भाव संध्याकाळी उतरतो,
आणि उतरतो त्याला कारण असतं,
मेथी मान टाकते, बाईला हडपसरची बस गाठायची असते.
इथे कोणी मान टाकली?
गाडी तर दिवसभर सोसायटीत शेवग्याखाली उभी,
टपावर कबुतरं, काचेवर धूळ,
धुळीत कुठल्याशा पोराने बोटाने काढलेला बैल.

कागदावर ती आता एक लाख ब्याऐंशी हजारांची.
तिची किंमत दरवर्षी उतरते
आणि तिला जपायची किंमत चढते.
माझ्या गुडघ्यांचंही तसंच चाललंय,
म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

फोनवरचा मुलगा म्हणाला, मॅम, सिस्टिम दाखवते तेच.
म्हटलं, अकरा वर्षं तुमच्याकडे आहे, त्याचं काही?
त्याने मला बासरी ऐकवली.
चार मिनिटं.

मग तळवलकरांच्या ईशानने
तीच गाडी, तीच कंपनी,
फक्त नवी गिऱ्हाईक म्हणून माझं नाव घातलं.
सहा हजार सातशे ऐंशी.
म्हणजे अकरा वर्षं वेळेवर पैसे भरले,
हा दंड त्याचा.

मागच्या पॉलिसीत क्लेम केला होता का, असा रकाना येतो.
दरवर्षी मी 'नाही'वर बोट ठेवते.
नळस्टॉपला रिक्षावाल्याने डावं दार ओरबाडलं आणि
'ताई, तुम्हीच आत आलात' म्हणाला : नाही.
धरणातून पाणी सोडलं त्या रात्री
नदीकाठच्या पार्किंगमध्ये गाडी सीटपर्यंत भिजली,
चटया आठ दिवस गॅलरीत वाळत होत्या,
वास दिवाळीपर्यंत गेला नाही : नाही.
श्रीपाद गेला त्या पहाटे
हॉस्पिटलच्या फाटकाला मी बंपर घासला.
वॉचमनने हात केला, जा म्हणाला.
तेही : नाही.
बोनस जाईल म्हणून
जे जे झालं ते आम्ही घरच्या घरी निस्तरलं.
पन्नास टक्के सूट मिळते
आपलं काही झालंच नाही असं लिहून दिल्याबद्दल.

शितोळे एजंट, धनकवडीचे,
दर जानेवारीत कॅलेंडर घेऊन येतात,
चहात साखर नको म्हणतात आणि बिस्किटं तीन खातात.
त्यांना कसं सांगायचं, यावर माझा एक दिवस गेला.
शेवटी सांगितलं, दाराशीच, ते चपला घालत असताना.
ते खाली वाकलेलेच राहिले.
मग म्हणाले, घ्या मॅडम तिकडूनच.
फक्त आयडीव्ही कमी करून स्वस्त दाखवत नाहीत ना, ते बघा.
आणि कुणाला बोलू नका,
माझ्या स्कूटरचा मीही तिथूनच काढलाय.

आयडीव्ही बघितला. तेवढाच होता.
सतरा तारखेला ओटीपी आला, चष्मा सापडेपर्यंत मेला,
दुसरा आला.
दोन हजार एकशे नव्वद वाचले.
डाव्या दाराला रंग लावीन म्हटलं,
मग म्हटलं, राहू दे, त्या ओरखड्यावरून
मला पार्किंगमध्ये माझी गाडी ओळखू येते.

वीस तारखेला जुन्या कंपनीचा मेसेज :
सुलभाजी, तुमची उणीव भासते आहे.
फक्त तुमच्यासाठी, सहा हजार तीनशे.

पुसला नाही.
पुढच्या वर्षी एकोणीसच्या आधी
त्यांना वाचून दाखवायला लागेल.