ओलं-सुकं

वेंगुर्ल्यात, बर्फाच्या कारखान्यावरची खोली.
भजनाला 'कॅथेड्रल' लावलं, तयार होतं तसंच:
साडेचार सेकंदांचा घुमारा.
अनंतबुवा धुरींनी हेडफोन काढला.
"ह्यां देऊळ खंयचा रे?
आमच्या देवळात शब्द इतको येळ रवणा नाय."

मग कमी करत गेलो.
चिऱ्याची भिंत वरचे सूर गिळते,
पत्रा ते परत ओकतो.
पहिला पडसाद अठरा मिलिसेकंदांवर,
म्हणजे खांब चार पावलांवर.
सतरंजी, पेंगलेली पोरं
यांना बटण नव्हतं.
अंदाजानेच ओलं-सुकं केलं.

सेव्ह करताना नाव मागितलं.
'सातेरी, मागची ओसरी.'

परवा त्यातूनच पुतण्याने
मासळीच्या लिलावाची जाहिरात काढली.
बरी वाजली.
फक्त "सुरमई" म्हटल्यावर
मागे कुणी सतरंजी झटकल्यासारखं वाटलं.