अर्धी टाकी

आत्याची दोन सीटची एमजी
छावणीतल्या गोदामात एकोणीस वर्षं,
वर गव्हाची रिकामी पोती.
टाकीतल्या पेट्रोलचं वार्निश झालेलं,
एअर क्लीनरात उंदरांनी अंथरलेल्या
तिच्या विम्याच्या पावत्या.

मी म्हटलं, आधी इंजिन.
हुसेनी उस्ताद म्हणाले, आधी ब्रेक.
सुरू काय, भांडणंही होतात.

सिलिंडरांत तेल मुरत ठेवलं, लोणच्यासारखं.
रोज सकाळी हँडलला थोडा जोर,
आणि मग एका मंगळवारी
आत काहीतरी नखभर हललं.
गोदामात मी एकटीच. कुणाला सांगणार?

सियागंजातून रबरं आणली, क्लच प्लेट पुण्याहून.
कार्बोरेटरच्या सुया उस्तादांच्या पाकिटात,
नोटांमध्ये जपून.

सगळं झालं. पेट्रोलचा काटा तेवढा राहू दिला,
अर्ध्यावर अडकलेला,
तिनं शेवटची उभी केली तेव्हाचा.
उस्तादांनी दोनदा विचारलं,
मग विचारायचं सोडलं.

रविवारी पहाटे महूच्या रस्त्याला
ऐंशीनं गेली. माझी ओढणी उडाली,
आणायला मागे वळले नाही.
राऊच्या अलीकडे खोकली, थांबली.
काटा म्हणत होता, अर्धी टाकी.

"मागे कॅन ठेवलाय," उस्ताद म्हणाले
आणि खाली उतरून, तिकडे तोंड करून
विडी पेटवायला बरेच लांब गेले.