लेप

बांगड्याला पाय किती असतात, मी विचारलं
आणि पट्टीचं पहिलं टोक सोडवलं.

उकळती पेज सांडलेली,
गुडघ्यापासून घोट्यापर्यंत.
दुर्वा कोयंडे, वय सहा, तारामुंबरी.
केसपेपरवर एवढंच मावतं.
टेबलाची कड धरलेली तिची बोटं
नखांपाशी पांढरी झालेली,
आणि डोळे माझ्या चिमट्यावर.
चिमटा हलला की तेही हलत.

"बांगड्याक खंय पाय असतत?"
रडणं अर्ध्यावर ठेवून तिनं मला न्याहाळलं,
जन्मभर डोंगरात राहिलेल्या बाईकडे पाहावं तसं.
मी म्हटलं, बरं, मग कुर्लीला तरी शिंगं असतील.
"शिंगां नाय गो! डेंगे! दोन डेंगे, आठ पाय!"
आठ मोजेस्तोवर
गॉजचे दोन पदर भिजून सुटले होते.

शिकताना वहीत लिहून दिलं होतं,
रुग्णास धीर द्यावा.
धीर कुठल्या कपाटात असतो ते लिहिलं नव्हतं.
म्हणून मी अडाणी झाले. दर एक दिवसाआड,
सकाळी अकराला.
सुरमईला अंडी उबवायला बसवलं,
तारल्या हापूसच्या कलमावर चढवल्या,
मोरीला बालवाडीत घातलं.
ती ओरडायची, पण माझ्या अकलेवर.
बाहेर बाकावर तिची आई
कानांवरचे हात हळूहळू खाली घ्यायची.

पाचव्या खेपेला लाइट गेली.
पट्टी सुकून जखमेला चिकटलेली.
सलाइन ओतलं, थांबले, पुन्हा ओतलं.
त्या दिवशी समुद्रात एकही मासा नव्हता.
ती माझ्या मनगटाला चावली.
मी चावू दिलं,
दुसरा हात मोकळा होता तेवढ्यात.

सहाव्याला ती आधीच म्हणाली,
"तुका सगळा म्हायत आसा. उगीच इचारतंस."
मी बोळा भिजवत राहिले.
मग तीच बोलली, बऱ्याच वेळानं.
"लेप बघलंस? चपटो असता. तळाक पडान ऱ्हवता.
दोनी डोळे एकाच बाजूक.
आजो सांगता, खालसून रेंव टोचता,
ती दिसाची नाय म्हणान
एक डोळो सरकत सरकत वर गेलो."
आणि कुशीवर वळून तिनं गाल उशीला टेकला,
दोन्ही डोळे खिडकीकडे,
जिथून खाडीचा एक तुकडा दिसतो
आणि बर्फाच्या कारखान्याचं गंजकं छप्पर.
"आता कर," म्हणाली.

मी केलं.
पाय थरथरत होता,
पण पाय खालच्या बाजूला होता.

शेवटच्या दिवशी
आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याचं पोर आलं,
बिबेक, चारेक वर्षांचा, हनुवटी फाटलेली,
बापाच्या शर्टात तोंड खुपसून.
डॉक्टर सुईत दोरा ओवत होते.
दुर्वा आपला नवा गुलाबी पाय जपत
टेबलापाशी आली, माझ्याकडे न बघता,
आणि माझ्याच आवाजात म्हणाली,
"बांगड्याक पाय किती रे?"

त्यानं विचार केला. खरोखरच केला.
"चार."

आता मात्र तिनं माझ्याकडे पाहिलं.
हे आमच्या खेळात नव्हतं.
"ह्येका खरांच म्हायत नाय!"
आणि घाईघाईनं दोन्ही हातांनी हवेत
बांगडा काढू लागली,
डोकं, पर, पाठीवरचे निळे पट्टे,
शेपटीपाशी पोचली की परत डोक्याकडून,
"बघ. हय बघ. खंय दिसतत पाय?"

पहिला टाका पडला.
डॉक्टर पुटपुटले, थांबू नको गं.
तिला ते ऐकू गेलं नाही.
आणि तो, मान न हलवता,
हवेत पाय शोधत होता.