दोन इंच

मुराद तडवी पुण्याला निवड चाचणीला जाणार
ही बातमी भुसावळात पसरली
तेव्हा झोपेच्या टपरीवर दोन पक्ष पडले.
एक म्हणे, जाईल भो, पोरगं जाईलच,
प्रोफेशनल म्हणजे काय, तेबी माणसंच नं.
दुसरा म्हणे, त्यापेक्षा रेल्वेत चिकट,
खेळाडूच्या कोट्यातून टीसी झाला
तरी बापाच्या खांद्यावरचे केळीचे घड उतरतील.
मला कुणी विचारलं नाही.
मी दिवसा फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला शिपाई,
संध्याकाळी मॅचचा गुणलेखक.

चार वर्षांच्या वह्या माझ्या कपाटात आहेत.
जळगावविरुद्ध एकतीस, फैजपूरविरुद्ध अडतीस,
चोपड्याविरुद्ध चव्वेचाळीस, तेही अंगात ताप असताना.
बऱ्हाटे सरांनी त्यांच्या झेरॉक्स पुण्याला पाठवल्या.
पण समोर कोण उभं होतं
हे लिहायला वहीत रकाना नसतो.
चोपड्याचा सेंटर माझ्याएवढा होता
आणि मला बल्ब बदलायला स्टूल लागतं.

पेपरात मुरादची उंची सहा फूट चार आली.
भिंतीला उभा करून मी मोजली, केस दाबून:
सहा दोन.
हसला. म्हणाला, कोणाला सांगू नका भाऊ.
नाही सांगितली.

गुपितं ठेवायची मला जुनी सवय.
रुळाकडची रिंग मीच बसवून घेतली होती,
छोटू मिस्त्रीला शिडीवर चढवून,
मे महिन्याच्या दुपारी,
लोखंडाला हात लावला की कातडी निघत होती.
दहा फूट हवी. नऊ फूट दहा इंच भरली.
राहू दे, म्हटलं, कोण बघतंय.

मुराद त्याच रिंगवर शिकला.
पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत,
शेजारून जाणाऱ्या मालगाडीशी पैज लावून:
डबे अठ्ठावन्न, बास्केट साठ.
वही नीट वाचली तर दिसतं,
घरच्या मॅचला त्याचे निम्म्याहून जास्त गुण
रुळाकडच्या अर्ध्यात.
बाहेरगावी चौदा. सोळा. एकदा अकरा.
सर म्हणायचे, प्रवासाचा शीण.
मी मान डोलवायचो.

जायला चार दिवस होते.
रात्री छोटूला पुन्हा उठवलं.
प्रयोगशाळेतून ओळंबा आणला, स्टीलची टेप आणली,
टॉर्च तोंडात धरला.
दहा फूट. बरोब्बर.
छोटू म्हणाला, आता कशाला?
त्याला वीस रुपये जास्त दिले.

सकाळी मुरादचा पहिला चेंडू
रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला.
दुसराही. पाचवाही.
मी वही उघडली नव्हती, तरी मोजत होतो.
अकरावा चुकला तसा चेंडू घरंगळत कुंपणापर्यंत गेला
आणि तो आणायला गेलाच नाही.
रिंगखाली आला. मान वर केली.
वेल्डिंगचा डाग अजून निळसर होता.

कधीपासून?

पहिल्यापासून, मी म्हणालो.

मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं.
त्याने नळाखाली डोकं धरलं,
खूप वेळ धरलं,
मग चेंडू स्वतःच आणला,
रेषेवर उभा राहिला.

बारावा कडेवर फिरला आणि बाहेर पडला.
तेरावा बोर्डाला लागून बाहेर.
पलीकडे मालगाडी सुरू झाली, डबे मोजायचं राहून गेलं.
झोपे ओरडला, चहा टाकू का?
थांब भो, म्हटलं,
कारण चौदाव्याला मुरादचे गुडघे
नेहमीपेक्षा दोन बोटं खाली वाकले होते
आणि चेंडू अजून त्याच्या हातात होता.