उजवी

डॉक्टर चौगुल्यांनी टेबलावर दोन पाकिटं ठेवली,
जशा गिऱ्हाइकापुढं मी दोन चपला ठेवतो.
पण गिऱ्हाईक निदान चार पावलं चालून तरी बघतंय.

पहिली, म्हणाले, कुलपात खोटी किल्ली बसवून ठेवती.
खरी येती, दार खडखडवती, माघारी जाती.
हिला भ्यायचं ते गर्भपिशवीपायी, नि रक्ताच्या गुठळीपायी.
पिशवी तर मी सोळा सालं झाली काढून टाकलो.
राहिली गुठळी,
आणि माझ्या पोटरीवरच्या ह्या निळ्या शिरा, आईच्या वळणाच्या.

दुसरी, किल्लीच घडू देत न्हाई.
म्हणजे पाळी जाऊन नऊ वर्षं झाली तरी
माझ्या चरबीत चोरून कारखाना चालूच होता?
शरयू हसली. डॉक्टरबी हसले.
तुमच्या वयाला हीच उजवी, म्हणाले. जराशी.
फक्त हाडं विरळ करती, सांधे धरती,
सकाळी सकाळी काहींची मूठ मिटत न्हाई.

मूठ.

जवाहरनगरात उंबऱ्याला पाठ लावून
चाळीस वर्षं चामड्याची वेणी घातली ह्या बोटांनी.
केसाएवढी वादी, सात पदर,
दिवा गेला तरी हात थांबला न्हाई कधी.

उजवी म्हणजे किती उजवी?
शंभर बायकांत तीन-चार जणींचं दुखणं उलटत न्हाई, इतकी.
मी मोजत बसलो,
आमच्या गल्लीत शंभर बायका भरतात का,
आणि त्यातल्या तिघी कोण.

नवी नर्स पुण्याची. फॉर्म भरता भरता म्हणाली,
आजी, "मी आलो" काय? "आले" म्हणा.
बाई गं, इथं आम्ही आलो-गेलोच म्हणतो,
तसंच नांदलो, तसंच बाळंत झालो,
बाईपण कुठं सांडलं न्हाई.
आता गोळीनं शेवटचा थेंब आटवला
तरी बोलणं तेच राहील. लिव्हा, आलो.

दुसरी घेतली.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो.
म्हशी रांगेत, तालमीची पोरं मांड्या थोपटत उभी,
फेसाळ पेले हातोहात.
गवळ्यानं विचारलं, मावशी, किटली कुठाय? कुणासाठी न्यायचं?
म्हटलं, न्यायचं न्हाई. इथंच पितो.

पोरांनी जागा दिली.
पेला गरम होता, म्हशीच्या अंगाएवढा.
करंगळी तेवढी मिटायला वेळ लागला.